भाग १७ : होल्डान! राइट, राइट!



मागच्या भागात आपण बंगळूरच्या छावणीबद्दल बोललो. १७९९ मध्ये टिपू पडला, इंग्रज फौज श्रीरंगपट्टणात राहिली, तिथल्या तापानं माणसं मरू लागली आणि १८०९ मध्ये सगळा तळ इथे, हलसूरच्या आसपासच्या मोकळ्या माळावर हलवला. त्या छावणीनं या गावाला चर्चं दिली, परेडची मैदानं दिली, बेकऱ्या दिल्या. आज बोलायचं आहे ते तिनं मागे ठेवलेल्या चार-सहा इंग्रजी शब्दांविषयी. विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नल साहेब इतिहास सोडून व्याकरणाकडे कुठे वळले? थोडा धीर धरा. या शब्दांपायी मी एका जवानाचा पाय जवळजवळ घालवला होता.

सुरुवात शिवाजीनगरच्या बस स्टँडपासून करू. शिवाजीनगर हे नाव नंतरचं, छावणीच्या काळात या भागाला ब्लॅकपल्ली म्हणत. इथून सुटणाऱ्या कुठल्याही बसमध्ये चढा. थांबा आला की कंडक्टर ओरडतो, ‘होल्डान, होल्डान!’ गाडी थांबते. माणसं उतरली, चढली की, ‘राइट, राइट!’ गाडी निघते. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडे कंडक्टर दोरी ओढतो, एक घंटा म्हणजे थांब, दोन घंटा म्हणजे चल. इकडे तोंडानं सांगतात. हे ‘होल्डान’ म्हणजे इंग्रजी ‘होल्ड ऑन’. कर्नाटकात लहान पोरालाही त्याचा अर्थ ठाऊक आहे : थांब.

आता हाच ‘होल्ड ऑन’ इंग्रज माणूस फोनवर म्हणाला, तर ‘जरा थांबा’. दोरीला लोंबकळणाऱ्या माणसाला म्हणाला, तर ‘सोडू नकोस, घट्ट धरून राहा’. वेढ्यात सापडलेल्या फौजेला म्हणाला, तर ‘टिकून राहा, लढाई चालू ठेवा’. एकाच शब्दजोडीत थांबणंही आहे आणि न थांबणंही.

आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू झालं. घरात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची वडिलांच्या वेळची जीर्ण प्रत होती, ती पाठ करून माझं इंग्रजी उभं राहिलं. वाक्यं बिनचूक व्हायची. पण ‘कॅरी’ म्हणजे वाहून नेणे, ‘ऑन’ म्हणजे वर, मग ‘कॅरी ऑन’ म्हणजे वर वाहून नेणे, असा हिशेब मी कित्येक वर्षं करत होतो. क्रियापदापुढे असं छोटं अव्यय जोडलं की अर्थ भलतीकडेच जातो, हे मला अकादमीत प्रशिक्षकाच्या ओरडण्यातून कळलं. या ‘ऑन’चा अर्थ ‘वर’ नाही, ‘पुढे’ आहे. गो ऑन, कॅरी ऑन, कीप ऑन, प्रेस ऑन, स्टे ऑन, सोल्जर ऑन : सगळीकडे तो ‘पुढे, तसंच, न तोडता’ एवढंच सांगतो. क्रियापद फक्त कसं पुढे, ते सांगतं.

मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये खरं तर, कारण आपण हेच काम दुसऱ्या टोकाकडून करतो. इंग्रज मूळ क्रियापदाला शेपूट लावतो, आपण दुसरं क्रियापद जोडतो. ‘विचारत राहिला’ म्हणजे खंड पडू दिला नाही. ‘विचारत गेला’ म्हणजे एकेक करत पुढे सरकला. ‘विचारत आला आहे’ म्हणजे मागून आजपर्यंत. ‘विचारत बसला’ म्हणजे उगाच, वेळ घालवत. आणि ‘बोलत सुटला’ म्हणजे आता याला आवरा! ‘कीप ऑन’मध्ये पुष्कळदा जो वैताग असतो, ‘ही कीप्स ऑन आस्किंग’, तो ‘विचारतो’ किंवा ‘विचारत राहतो’मध्ये येत नाही, ‘विचारतच बसतो’मध्ये येतो. ‘गो ऑन अँड ऑन’ला तर ‘सुटणे’सारखा दुसरा शब्द नाही. इथल्या कन्नडचीही रीत आपलीच आहे. ‘माडुत्ता इरु’ म्हणजे अक्षरशः ‘करत राहा’. माझ्या कन्नड शेजाऱ्याला मी इंग्रजीपेक्षा मराठीतून हे पटकन समजावू शकतो, याची मला गंमत वाटते.

इंग्रजी आणि मराठी यांच्यातला पहिला मोठा पूल बांधला तोही फौजी लोकांनी, हे जाता जाता सांगतो. मोल्सवर्थ हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्याचा साथीदार कँडी, तोही फौजीच. दोघांच्या नावानं इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये निघाला. हुकूम देणाऱ्याची भाषा आणि हुकूम ऐकणाऱ्याची भाषा यांच्यातलं अंतर त्यांना रोज दिसत असणार.

आता ‘कॅरी ऑन’कडे येऊ, कारण फौजेत दिवसाला पन्नास वेळा कानावर पडणारा शब्द तो. शिडाच्या जहाजांवर ‘कॅरी ऑन’ म्हणजे वाऱ्याची पर्वा न करता भरपूर शीड तसंच ताणून ठेवणं. जमिनीवरच्या फौजेत त्याला दुसरं वळण मिळालं. साहेब बराकीत आला, सगळे ताठ उभे राहिले, साहेब म्हणाला ‘कॅरी ऑन’, म्हणजे तुमचं जे चाललं होतं ते चालू द्या. परेडवर अधिकारी सार्जंटला म्हणाला ‘कॅरी ऑन, सार्जंट’, म्हणजे आता पुढचं तू बघ. याच हुकमावरून १९५८ मध्ये इंग्लंडमध्ये एक विनोदी चित्रपट निघाला, सक्तीच्या लष्करी सेवेतल्या अडाणी भरतीवाल्यांवरचा. नाव तेच, ‘कॅरी ऑन सार्जंट’. तो इतका चालला की त्यामागून ‘कॅरी ऑन’ नावाच्या चित्रपटांची रांगच लागली.

आपल्या फौजेत या शब्दानं तिसरा अर्थ घेतला आणि तो इंग्रजाला चटकन कळणार नाही. कनिष्ठ अधिकारी वरिष्ठाशी बोलून झाल्यावर विचारतो, ‘मे आय कॅरी ऑन, सर?’ म्हणजे, मी निघू का? उत्तर येतं, ‘कॅरी ऑन’. म्हणजे, नीघ. चालू ठेव म्हणायचा शब्द आपण निरोपाचा केला. माझी बायको लग्नानंतर पहिल्यांदा मेसमध्ये आली तेव्हा तिला वाटलं, ही पोरं काहीतरी चालू ठेवायची परवानगी मागतात आणि लगेच पळून जातात.

याचाच सख्खा भाऊ ‘कॅरी आउट’. हुकूम ‘कॅरी आउट’ करतात, म्हणजे तडीस नेतात. काम ‘कॅरी ऑन’ करतात, म्हणजे चालू ठेवतात. भाषांतराच्या पेपरात यांची अदलाबदल झाली की मार्क जातात. मैदानावर झाली तर काय जातं, ते पुढे येईल.

‘कीप काम अँड कॅरी ऑन’ लिहिलेले कप, टी-शर्ट तुम्ही पाहिले असतील, इथल्या ब्रिगेड रोडवर ढिगानं मिळतात. पुष्कळांना वाटतं की दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा हे पोस्टर भिंतीभिंतीवर होतं. नव्हतं. ब्रिटिश सरकारनं १९३९ मध्ये ते छापलं, जवळजवळ साडेचोवीस लाख प्रती. पण जर्मन चढाई झाली तर लावायचं म्हणून राखून ठेवलं आणि १९४० मध्ये बहुतेक सगळ्या प्रती लगद्यासाठी दिल्या. लोकांनी ते पाहिलंच नाही म्हणा ना. २००० साली उत्तर इंग्लंडमधल्या अ‍ॅल्निक गावातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराला पुस्तकांच्या एका पेटीत तळाशी एक प्रत सापडली. त्यानं ती दुकानात लावली आणि मग जगभर गेली. ज्या पिढीसाठी छापलं ती त्याच्याविनाच लढली.

त्या पिढीचा पंतप्रधान मात्र आपल्या या गावात राहून गेला होता. विन्स्टन चर्चिल १८९६ मध्ये चौथ्या हुसार्सचा तरुण अधिकारी म्हणून बंगळूरला आला. पोलो, गुलाबांची बाग, दुपारभर गिबन आणि मेकॉले यांची जाड पुस्तकं. बंगळूर क्लबच्या जुन्या वहीत त्याच्या नावावर १३ रुपये बाकी आहेत, १८९९ मध्ये ते बुडीत खाती टाकले. पुढे महायुद्धात हा माणूस सहकाऱ्यांचा निरोप घेताना तीन अक्षरं म्हणायचा : के.बी.ओ. पहिलं अक्षर ‘कीप’चं, शेवटचं ‘ऑन’चं. मधला शब्द बराकीतला आहे, तो मी या मालिकेत उच्चारणार नाही. तुमच्या घरातली मुलंही हे ऐकत असतील. अर्थ एवढाच, कितीही वाईट वेळ असो, रेटत राहा. मला चर्चिलबद्दल फार प्रेम नाही, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल वाचलेल्या कुणालाही ते असणं कठीण आहे. पण ४ जून १९४० च्या प्रसिद्ध भाषणात, समुद्रकिनाऱ्यांवर लढू म्हणण्याच्या आधी, त्यानं ‘कंटिन्यू’ हा भारदस्त लॅटिन घराण्यातला शब्द टाळून साधा ‘गो ऑन’ घेतला. तो शब्द गिरणीतल्या कामगारालाही आपला वाटणार होता.

‘गो ऑन’मध्ये एक खड्डा आहे, मुलांना तो आवर्जून दाखवतो. ‘ही वेंट ऑन कमांडिंग’ म्हणजे तो नेतृत्व करतच राहिला. ‘ही वेंट ऑन टु कमांड’ म्हणजे आधी काहीतरी वेगळं केलं आणि पुढे जाऊन नेतृत्वपदी पोचला. मधल्या ‘टु’नं आयुष्य बदललं. उदाहरणाला जनरल थिमय्या घ्या. कूर्गचा मुलगा, शिक्षण इथल्या बिशप कॉटन शाळेत. कुमाऊँ रेजिमेंटमध्ये लढला, कोरियात युद्धकैद्यांच्या परतीचं नाजूक काम १९५३-५४ मध्ये सांभाळलं, १९५७ मध्ये लष्करप्रमुख झाला. निवृत्तीनंतर संयुक्त राष्ट्रांच्या सायप्रसमधल्या फौजेचा सेनापती झाला आणि १९६५ मध्ये तिथेच, कामावर असताना वारला. त्याच्याबद्दल लिहिताना प्रत्येक टप्प्यावर ‘वेंट ऑन टु’ येणार. एकाच खुर्चीला वीस वर्षं चिकटून राहिलेल्या माणसाबद्दल ते लिहिता येत नाही, त्याला नुसतं ‘वेंट ऑन’.

‘स्टे ऑन’ हा तर आपल्या इतिहासातला एक वर्गच आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला इंग्रज गेले असं आपण म्हणतो, पण आपल्या फौजेचा पहिला सरसेनापती लॉकहार्ट, त्याच्यानंतर बुचर, दोघंही इंग्रज. १५ जानेवारी १९४९ ला करिअप्पांनी सूत्रं घेतली, म्हणून तो दिवस आपण सेनादिन पाळतो. सरकारी नोकरी संपल्यावरही काही गोरे इथेच राहिले. पॉल स्कॉटच्या ‘स्टेइंग ऑन’ या कादंबरीला १९७७ चं बुकर मिळालं, ती अशाच एका निवृत्त कर्नलची आणि त्याच्या बायकोची गोष्ट आहे. मराठीत ‘राहून गेले’ म्हटलं तर दोन्ही अर्थ निघतात, मुक्काम करून परतले किंवा करायचं ते राहूनच गेलं. ‘स्टे ऑन’मध्ये जायची वेळ झालेली असते आणि माणूस उठत नाही. बंगळूरच्या पूर्वेला व्हाइटफील्ड आहे ना, आज जिथे संगणकवाल्यांच्या काचेच्या इमारती आहेत, ती १८८२ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी अँग्लो-इंडियन लोकांच्या वसाहतीसाठी दिलेली जमीन. त्यातल्या कितीतरी कुटुंबांपुढे १९४७ ला हाच प्रश्न होता, जायचं की ‘स्टे ऑन’ करायचं. आज मी स्वतः सातारा जिल्ह्यातला माणूस निवृत्तीनंतर बंगळूरला राहिलोय, तेव्हा कुणाला काय बोलणार!

‘सोल्जर ऑन’ ऐकून फौजी माणसाची छाती फुगते. कष्ट पडले तरी शिपायासारखा चालत राहा, असा तो शब्द. पण पूर्वी खलाशांच्या भाषेत ‘सोल्जरिंग’ म्हणजे अंगचोरपणा! जहाजावर शिपाई नुसते बसून असतात, काम खलाशांना, हा त्यांचा राग. अमेरिकेत फ्रेडरिक टेलरनं १९११ मध्ये कारखान्यांच्या व्यवस्थापनावर पुस्तक लिहिलं, त्यातही मुद्दाम हळू काम करणाऱ्या मजुराला हाच शब्द आहे. म्हणजे ‘ऑन’ काढला की शिपाई कामचुकार, जोडला की चिवट.

कवायतीचे हुकूम स्वातंत्र्यानंतर आपण हिंदीत आणले, ‘सावधान’, ‘विश्राम’, ‘कदम ताल’. इंग्रजीतल्या ‘अ‍ॅज यू वेअर’ला ‘जैसे थे’. शिपायानं चुकीची हालचाल केली की उस्ताद ओरडतो ‘जैसे थे!’ की परत मूळ स्थितीत. आपली वर्तमानपत्रं न्यायालयाच्या आदेशाला ‘जैसे थे आदेश’ म्हणतात तेव्हा मला अजून परेड ग्राउंड दिसतं.

आता ‘होल्ड ऑन’. त्याचा जुळा ‘होल्ड आउट’. मराठीत दोन्ही ‘तग धरणे’, पण ‘होल्ड आउट’मध्ये पुरवठ्याचा हिशेब आहे, किती दिवस पुरेल? पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन कुत-अल-अमारा या गावात वेढली गेली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. तीत तीन मराठा पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची पोरं टायग्रिस नदीच्या वळणात अडकलेली. टाउनशेंडला वरून विचारणा होत होती, किती दिवस ‘होल्ड आउट’ करू शकता? त्यानं सुरुवातीला जो हिशेब कळवला त्यात गावातला धान्यसाठा नीट मोजलेलाच नव्हता. दिवस थोडे आहेत असं समजून सुटकेसाठी येणारी फौज जानेवारीच्या थंडी-पावसात, चिखलात, पुरेशी तयारी न होता खंदकांवर धडकली. नंतर गावात धान्य सापडलं आणि वेढा एप्रिलच्या शेवटापर्यंत चालला. मधल्या काळात सुटकेच्या फौजेची वीस हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. आतल्यांना शेवटी घोड्याचं मांस खावं लागलं, आपल्या जवानांनी धर्मापायी कितीतरी दिवस ते नाकारलं आणि हाडांचे सापळे झाले. सुमारे तेरा हजार माणसं कैदेत गेली, त्यातली हजारो परत आली नाहीत. ‘होल्ड आउट’चा अर्थ सगळ्यांना कळला होता, चुकलं ते त्यापुढचं उत्तर. सेनापतीनं प्रश्नाचं उत्तर देण्याआधी कोठारं उघडून बघायला हवी होती, असं माझं मत आहे आणि मी ते निवृत्त असल्यामुळे मोकळेपणानं सांगतो.

माझी गोष्ट याच्यापुढे फार लहान आहे. १९८९ साल, पूर्वेकडचं एक जंगल, मी कॅप्टन. तुकडीतली बहुतेक मुलं मराठी. नाल्यापलीकडे गेलेली आमची गस्त गोळीबारात सापडली आणि मागे येत होती. उजवीकडच्या टेकाडावर लाइट मशिनगन घेऊन एक हवालदार होता, त्याच्या गोळीबाराच्या आडोशानं पोरं नाला ओलांडत होती. एरवी आम्ही वायरलेसवर हिंदीतच बोलायचो, ‘फायर जारी रखो’ म्हणालो असतो तर विषय मिटला होता. घाईत तोंडातून इंग्रजी बाहेर पडलं. मी ओरडलो, ‘होल्ड ऑन! होल्ड ऑन!’ माझ्या मनात अर्थ : टिकून राहा, चालू ठेव.

हवालदार चिकोडी भागातला. जन्मभर कर्नाटकाच्या लाल बसमधून शाळेला, बाजाराला गेलेला. त्यानं ऐकलं, होल्डान. त्यानं ट्रिगरवरचं बोट काढलं.

दहा-बारा सेकंद असतील. तेवढ्यात नाल्यातून शेवटी निघणाऱ्या जवानाच्या मांडीत गोळी गेली. बाकीच्यांनी त्याला ओढून आणलं, हेलिकॉप्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, पाय वाचला, पण लचक राहिली आणि त्याला खालच्या वैद्यकीय श्रेणीत टाकलं. चौकशीत हवालदाराला विचारलं, तू फायर बंद का केलंस? तो म्हणाला, साहेबांचा हुकूम होता. मला विचारलं, तुमचे नेमके शब्द काय होते? मी सांगितले. अध्यक्ष बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. त्यांनीही कर्नाटकात नोकरी केली होती.

वायरलेसच्या शिकवणीत पहिल्याच दिवशी सांगतात की न ऐकू आलेलं पुन्हा सांगा म्हणायला ‘रिपीट’ म्हणू नका, ‘से अगेन’ म्हणा, कारण तोफखान्याच्या भाषेत ‘रिपीट’ म्हणजे तेच गोळे परत टाका. कुणाच्या तरी चुकीतूनच तो नियम आला असणार. त्यानंतर मी जितकी वर्षं नोकरी केली, माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला ‘होल्ड ऑन’ वर्ज्य होतं. काहींना तो माझा विक्षिप्तपणा वाटायचा.

हवालदाराला दोष लागला नाही. तो सुभेदार होऊन निवृत्त झाला, आता गावी ऊस लावतो. मांडीत गोळी लागलेला जवान सांगली जिल्ह्यात असतो. नोकरी संपल्यावर त्यानं पिठाची गिरणी घातली, मुलगी यंदा नर्सिंगला आहे. दर दिवाळीला पाडव्याच्या सकाळी त्याचा फोन येतो. पाऊस, पेन्शन, गुडघे, सगळं बोलून होतं. त्या दिवसाबद्दल तो कधी बोलत नाही, मी एकदा काढलं तर म्हणाला, ‘साहेब, ते कशाला आता.’ आणि फोन ठेवायच्या आधी छत्तीस वर्षांत एकदाही न चुकता विचारतो, ‘कॅरी ऑन करू का, साहेब?’

मी म्हणतो, ‘कर.’